खानदेशच्या पाण्यावरची मुंगी

तापी-गिरणेच्या काठावर गळ टाकून बसलेल्या माणसाला आमिष काय लावलंय असं विचारलं, तर उत्तर बहुधा दोनांपैकी एक असतं: कणकेचा गोळा नाहीतर गांडूळ. या दोघांच्या जोडीला तिसरं काही बसेल का, हा इथला प्रश्न आहे. ते तिसरं म्हणजे धाग्यानं आणि कोंबड्याच्या पिसानं गळावर बांधलेली मुंगी. इंग्रजीत अशा बांधलेल्या खोट्या किड्याला फ्लाय म्हणतात आणि आपल्याकडचे हौशी गळकरीही तोच शब्द वापरतात. ताटात अख्खा मावेल एवढ्या माशासाठी मुंगीची फ्लाय जगात साडेतीनशे वर्षं वापरात आहे. इंग्लंड-अमेरिकेत तिच्यावर भरपूर लिहिलं गेलं, भारतात थोडं, आणि मराठीत तर माझ्या वाचनात काहीच आलेलं नाही. म्हणून जे ठाऊक आहे ते जळगाव-धुळ्याच्या पाण्याला लावून पाहण्याचा हा प्रयत्न.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मुंगी इथे चालते. पण पुस्तकांतल्या चित्रात दिसते तशी नाही आणि पुस्तकं सांगतात त्या हंगामातही नाही. इथे ती काळी हवी, थोडी मोठी हवी, बुडणारी हवी. आणि तिचा खरा काळ पहिल्या पावसाचा नसून पाऊस सरतानाचा आहे.

जुन्या नोंदी पाहू गेलं तर आयझॅक वॉल्टनच्या ‘द कंप्लीट अँगलर’पर्यंत मागे जावं लागतं. हे पुस्तक पहिल्यांदा १६५३ साली निघालं आणि पुढच्या आवृत्त्यांत वाढत गेलं. वॉल्टन खऱ्याच पंखवाल्या मुंग्या वापरायला सांगतो. जूनच्या सुमारास वारुळातून त्या पंखांसकट जिवंत गोळा करायच्या, त्याच वारुळाची ओली माती आणि गवताची मुळं घातलेल्या काचेच्या भांड्यात ठेवायच्या, म्हणजे त्या टिकतात. हा सगळा खटाटोप कोणत्या माशासाठी? ट्राउटसाठी नव्हे. रोच नावाच्या लहान माशासाठी, आणि रोच कार्पच्या कुळातला आहे. आपल्या ओढ्यांतली बहुतेक बारीक मासळी याच कुळातली. मुंगीची गोष्ट ट्राउटच्या थंड पाण्यात सुरू झाली असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तिचं सुरुवातीचं पान आपल्या माशांच्या भाऊबंदांचं आहे.

वॉल्टनचा स्नेही चार्ल्स कॉटन यानं १६७६ च्या आवृत्तीला फ्लायवरचा भाग जोडला. त्यात जूनच्या फ्लायमध्ये मुंगी आहे, म्हणजे तोवर खऱ्या मुंगीची जागा बांधलेल्या मुंगीनं घेतली होती. १८३६ साली आल्फ्रेड रोनाल्ड्सनं गळकऱ्यांसाठी कीटकांचं सचित्र पुस्तक काढलं, त्यात तांबडी आणि काळी अशा दोन्ही मुंग्या आल्या. पुढे बराच काळ लोकांचं लक्ष पाण्यातच जन्मणाऱ्या किड्यांकडे राहिलं. जमिनीवरून पाण्यात पडणाऱ्या किड्यांकडे ते पुन्हा वळवलं ते पेन्सिल्व्हेनियातल्या व्हिन्सेंट मरिनारो यानं, १९५० च्या ‘अ मॉडर्न ड्राय फ्लाय कोड’ या पुस्तकातून. लेटॉर्ट नावाच्या झऱ्याच्या ओढ्याकाठी बसून त्यानं पाहिलं की मासे वर येऊन काहीतरी टिपताहेत, पण पाण्यावर डोळ्यांना काही दिसत नाही. बारीक जाळी धरून पाहिल्यावर त्यात मुंग्या आणि तुडतुडे सापडले. तुडतुड्यासाठी त्यानं बांधलेली फ्लाय ‘जॅसिड’ या नावानं गाजली. कपाशीवर तुडतुड्यांसाठी फवारणी करून थकलेल्या खानदेशी शेतकऱ्याला हे नाव नवं नाही. कृषी सेवा केंद्रात औषध मागताना तोही जॅसिडच म्हणतो.

या जॅसिड फ्लायच्या पाठीवरचं पीस आपल्याच देशातलं होतं. राखी रानकोंबड्याच्या मानेवर लाखेच्या ठिपक्यासारखी चकचकीत टोकं असलेली पिसं असतात. युरोप-अमेरिकेतल्या फ्लाय बांधणाऱ्यांना त्यांचं वेड होतं. १९०२ मध्येच हिंदुस्थान सरकारनं रानपक्ष्यांच्या पिसांच्या निर्यातीवर बंदी घातली होती, आणि आज १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं या पक्ष्याला संरक्षण आहे. तेव्हा परदेशी पुस्तकात ‘जंगल कॉक’ असं साहित्य दिसलं तर ते विसरायचं. मुंगीला त्याची गरजही नाही.

मरिनारोनंतरची मुंगी दोन वाटांनी गेली. एक वाट तरंगणाऱ्या मुंगीची. मॅकमरे अँटमध्ये बाल्सा लाकडाचे दोन हलके मणी नायलॉनच्या तुकड्यावर ओवून गळावर बांधतात. पुढे फोम आला आणि १९९० च्या दशकात युटाहच्या ग्रीन नदीवर चेर्नोबिल अँट नावाची, मुंगी म्हणवत नाही एवढी मोठी फ्लाय निघाली. दुसरी वाट बुडणाऱ्या मुंगीची: नुसत्या धाग्याचे दोन फुगवटे, त्यावर वॉर्निश. दुकानं तरंगणारीनं भरलेली असतात, कारण ती दिसते आणि विकली जाते. अमेरिकेत तळ्याकाठी ब्लूगिलसारखे पसाभर मासे धरणारी जुनी माणसं मात्र बुडणारी मुंगी सोडत नाहीत. खानदेशापुरता माझा कौलही त्यांच्याच बाजूनं आहे. कारण पुढे येईल.

भारतात या विषयाचं पान हेन्री सुलिव्हन थॉमस या मद्रास इलाख्यातल्या सनदी अधिकाऱ्यानं उघडलं. त्याचं ‘द रॉड इन इंडिया’ १८७३ चं आणि ‘टँक अँगलिंग इन इंडिया’ १८८७ चं. दुसऱ्या पुस्तकाचं महत्त्व मला अधिक वाटतं, कारण त्यात गावतळ्याला मान आहे. नंतरच्या साहेबी लेखनानं सगळं कौतुक महसीरला दिलं आणि हौशी गळकरी आजही त्याच धुंदीत आहेत. महाराष्ट्रात संघटित गळमासेमारीचं सर्वांत जुनं केंद्र पवई तलावावर. १९३६ साली तिथे स्थापन झालेली बॉम्बे प्रेसिडेन्सी अँगलिंग असोसिएशन आज महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन म्हणून ओळखली जाते. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या वीज कंपनीनं महसीरची पैदास करून मोठंच काम केलं. पण या सगळ्यात बारीक मासळी नाही. बोटभर माशासाठी नखाएवढी फ्लाय बांधणं हे जणू पोरखेळाचं काम, असं ठरून गेलं आहे.

याआधी तसं नव्हतं. कर्नल साइक्सनं दख्खनचे मासे गोळा करून १८३९ मध्ये त्यांची वर्णनं प्रसिद्ध केली, तेव्हा मोठ्याबरोबर लहानही घेतले आणि कित्येकांना इथल्या मासेमारांच्या तोंडची नावंच लॅटिन घाटात दिली. खडशीचा ‘खुद्री’ झाला, कोळसचा ‘कोलस’. लहान माशाकडे बारकाईनं पाहण्याची ती सवय आपण मधल्या काळात गमावली.

आता पाण्याकडे येऊ. १९०६ पर्यंत खानदेश हा एकच जिल्हा होता. मग पूर्व आणि पश्चिम असे दोन झाले, त्यांचेच पुढे जळगाव आणि धुळे. या पट्ट्यात वर्षाला साधारण ६०० ते ७०० मिलिमीटर पाऊस, उन्हाळ्यात पारा ४५ अंशांकडे, आणि तापी सोडली तर बाकी नद्या फेब्रुवारी-मार्चनंतर डोहांपुरत्या उरतात. अशा प्रदेशात फ्लायचं काय काम, असं वाटणं साहजिक आहे. पण लहान माशाला मोठी नदी लागतच नाही. त्याला लागतं उथळ, बऱ्यापैकी स्वच्छ आणि काठावर झाडी असलेलं पाणी, आणि असं पाणी खानदेशात वाटतं त्याहून जास्त आहे.

धरणांची नावं सर्वांना पाठ असतात. भुसावळजवळ तापीवरचं ४१ दरवाज्यांचं हतनूर, १९६९ मध्ये पूर्ण झालेलं गिरणा, जळगावला पाणी देणारं वाघूर, साक्रीकडचं अक्कलपाडा, शिरपूरकडचं अनेर. मुंगी टाकणाऱ्यासाठी मात्र धरणाचा मोठा पसारा फारसा कामाचा नाही. वारा, लाटा, पाण्याची पातळी रोज वर-खाली. काठावर झाड नाही, नुसती भेगाळलेली माती. फुगवट्याच्या अगदी वरच्या टोकाला, जिथे नाला येऊन मिळतो आणि बाभळी पाण्यात उभ्या असतात, तिथे काही आशा असते.

खरी जागा आहे फड बागायतीच्या बंधाऱ्यांची. पांझरा, मोसम, आरम, गिरणा या नद्यांवर शेकडो वर्षांपूर्वी दगडी बंधारे घालून पाटानं पाणी फिरवण्याची पद्धत धुळे-नाशिक पट्ट्यात रुजली. गावानं मिळून पाणी सांभाळायचं, लाभक्षेत्राचे फड पाडायचे आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, अशी ती शिस्त. शेतीच्या अंगानं यावर बरंच लिहिलं गेलंय. माशांच्या अंगानं पाहिलं तर प्रत्येक बंधाऱ्यामागे एक लांबट, संथ डोह तयार होतो आणि त्याच्या काठावर करंज, बाभूळ, जांभूळ पाण्यावर ओणवे झालेले असतात. पिंपळनेरपासून साक्रीपर्यंत पांझरेच्या काठानं सकाळी चालत गेलं की सावलीच्या कडेला पाण्यावर बारीक वलयं उठताना दिसतात. मासा वर काहीतरी टिपतो आहे याची ती खूण. शहरांच्या खालच्या अंगाला मात्र सांडपाण्यानं नद्यांची जी गत झाली आहे, ती पाहता तिथे गळ टाकण्याचं नावच नको.

दुसरी जागा नवी आहे. शिरपूर तालुक्यात २००४ पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी नाले रुंद-खोल करून त्यावर ओळीनं सिमेंट बंधारे बांधण्याचं काम हाती घेतलं. ते शिरपूर पॅटर्न म्हणून राज्यभर गाजलं. उद्देश भूजलाचा होता, पण जिथे पाणी टिकलं तिथे मासाही आला. तिसरी जागा शेततळ्यांची. ‘मागेल त्याला शेततळे’ योजना २०१६ मध्ये आली आणि केळी-डाळिंबाच्या शेतांत प्लास्टिकचा कागद अंथरलेली तळी दिसू लागली. त्यांतलं पाणी पावसाळ्यातही फारसं गढुळत नाही. हा मुद्दा पुढे कामी येणार आहे.

मासे कोणते? धरणांत सोडलेले कटला, रोहू, मृगळ हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. त्यांना मुंगी दाखवण्यात अर्थ नाही. मरळ बेडकावर झेप घेतो, शिंगटी आणि वाम तळाशी हुंगत फिरतात. मुंगीची गिऱ्हाइकं दोन. पहिलं म्हणजे पृष्ठभागाला खेटून चालणारी चपटी, चांदीच्या रंगाची बारीक मासळी. तिची नावं गावागणिक बदलतात, कुठे मळ्या, कुठे चाल, तर कुठे नुसतंच ‘बारीक मासे’. यांतल्या पुष्कळांचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं असतं, म्हणजे शरीरच वरचं टिपायला घडलेलं. सातपुड्यातून उतरणाऱ्या ओढ्यांत अंगावर निळसर पट्टे असलेले मासे याच घाटणीचे. प्रवाहाच्या तोंडाशी उभे राहतात आणि वाहत आलेलं काहीही चाखून पाहतात.

दुसरं गिऱ्हाईक चिलापी. हा आफ्रिकेचा मासा १९५२ मध्ये श्रीलंकेतून भारतात आणला गेला आणि इथल्या बहुतेक तळ्या-धरणांत पसरला. मासेमार त्याला शिव्या घालतात, कारण तो लवकर पैदास करतो, अंगानं खुजा राहतो आणि इतरांची जागा खातो. पण अमेरिकेतल्या ब्लूगिलची जागा आपल्याकडे कोणी घेत असेल तर ती यानंच. दोघांचीही शरीरं उंच आणि चपटी, दोघंही काठाला राहणारे, आणि दोघांचेही नर उथळ पाण्यात शेपटीनं आणि तोंडानं गोल खळगे करतात. पाणी नितळ असेल तर हे खळगे ताटांसारखे ओळीनं मांडलेले दिसतात. ब्लूगिलचा नर अंड्यांवर पहारा देतो. चिलापीची मादी अंडी तोंडात धरून निघून जाते आणि नर खळगा राखत राहतो. त्या खळग्यात कोणी आगंतुक शिरला की तो उचलून बाहेर टाकतो. गळाला लागलेल्या चिलापींपैकी काहींना भूक नसते, त्यांना घर झाडायचं असतं. एरवी शेवाळ आणि गाळ हे त्याचं मुख्य खाणं. म्हणून चिलापी मुंगी ‘खातो’ असं छातीठोकपणे म्हणणं बरोबर नाही. तो ती तोंडात घेतो, आणि गळ टाकणाऱ्याला तेवढं पुरतं.

मासा मुंगी खातो कशाला, यावर गळकऱ्यांत एक जुनी समजूत आहे की तिची आंबट चव त्याला आवडते. मुंगीत फॉर्मिक आम्ल असतं हे खरं, पण चवीचा पुरावा सोपा नाही. त्यापेक्षा भक्कम गोष्ट संख्येची आहे. काठावरच्या झाडावर मुंग्या इतक्या असतात की वारा सुटला, फांदी हलली की काही पाण्यात पडतातच, आणि पडलेल्या मुंगीला पळता येत नाही. जपानच्या होक्काइदो बेटावर होरोनाई ओढ्यात शिगेरू नाकानो आणि मासाशी मुराकामी यांनी केलेल्या अभ्यासात, २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, तिथल्या माशांच्या वर्षभराच्या अन्नातला ४४ टक्के वाटा जमिनीवरून पडलेल्या किड्यांचा निघाला. तो थंड देशातला जंगली ओढा आहे, आकडा जसाच्या तसा पांझरेला लावता येणार नाही. पण काठचं झाड म्हणजे माशाचं धान्याचं कोठार, ही गोष्ट कोणत्याही ओढ्याला लागू आहे. बंधाऱ्याकाठचे करंज तोडून काठ साफ करणाऱ्यांनी हा आकडा एकदा नजरेखालून घालावा.

आपल्या मुंग्यांत पहिला मान काळ्या मुंगळ्याचा. शास्त्रात त्याला कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस म्हणतात. बाभळीच्या खोडावरून वर-खाली चालणारी त्याची रांग खानदेशात कुठेही दिसते. रस शोषणाऱ्या किड्यांचा गोड स्राव चाटायला तो चढतो. मोठा कामकरी मुंगळा दीड सेंटिमीटरच्या आसपास असतो. परदेशी पुस्तकं मुंगीसाठी १६, १८, २० नंबरचे गळ सांगतात (आकडा वाढला की गळ लहान होतो). आपल्या मुंगळ्याला १२ नंबर ठीक बसतो, चिलापीसाठी १० चालतो, आणि फक्त चांदीच्या बारीक माशासाठी १६ पर्यंत उतरावं. पानं शिवून घरटं करणारी तांबडी झाडमुंगी सातपुड्याच्या पायथ्याकडच्या आंब्यांवर भेटते. तिच्यासाठी तांबूस धागा जवळ असू द्यावा.

आता पंखवाल्यांचं. पहिला पाऊस पडला की संध्याकाळी दिव्याभोवती ढीगभर पंखी किडे जमतात आणि सकाळी अंगणात नुसते पंख पडलेले असतात. आपण सरसकट मुंगीला पंख फुटले म्हणतो, पण यांतले बहुतेक वाळवीचे असतात. चारही पंख सारख्या लांबीचे आणि कमर जाड असेल तर वाळवी. पुढचे पंख मोठे, कमर बारीक आणि मिशा कोपरात वाकलेल्या असतील तर मुंगी. माशाला दोन्ही सारखेच प्रिय. अहिराणीत सांगायचं तर ‘पानी पडनं का मासा वर येस’, आणि त्याचं एक कारण हे पंखी. म्हणून फ्लायवाला जूनची वाट बघतो. अडचण अशी की नदी-नाल्यांना पहिलं पाणी येतं तेच काळ्या मातीचं, चहासारखं गढूळ. त्यात माशाला नखाएवढी फ्लाय दिसणार कशी? पंख्यांचा पाऊस साधायचा असेल तर तो शेततळ्यावर नाहीतर नाला न मिळणाऱ्या तळ्यावर. नदीवरचा हंगाम सप्टेंबर अर्धा सरल्यावर सुरू होतो. पाणी निवळतं, काठावर गवत कमरेएवढं असतं, झाडांवर कीटक भरपूर असतात आणि मासाही वाढीला लागलेला असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर हे दोन महिने माझ्या मते वर्षातले सर्वांत चांगले. थंडी कडक झाली की मासा खाली जातो; मार्चनंतर फक्त भल्या पहाटे.

बांधायला जे लागतं ते जळगाव-धुळ्याच्या बाजारात मिळतं. १२ नंबरचा, लांब नसलेल्या दांड्याचा गळ. मशीनच्या भरतकामाचा काळा पॉलिएस्टर धागा. शिवणाचा धागा जाड पडतो. गावठी कोंबड्याच्या मानेचं काळं पीस, मटणाच्या दुकानात मागितलं तर कोणी पैसेही घेत नाही. काळं नेलपॉलिश. गळ धरायला छोटा वाइस असला तर उत्तम, नाहीतर चिमटा पक्का बसणारी पक्कड.

गळाच्या वाकाच्या जरा अलीकडे धागा बसवायचा आणि तिथेच घोळवत घोळवत ज्वारीच्या दाण्याएवढा फुगवटा करायचा. हे मुंगीचं पोट. मग धागा एकाच थरात पुढे न्यायचा, दीड-दोन मिलिमीटर जागा मोकळी सोडायची आणि डोळ्याच्या अलीकडे दुसरा, पहिल्याच्या निम्मा फुगवटा करायचा. गाठ मारून धागा तोडायचा. दोन्ही फुगवट्यांवर नेलपॉलिशचा हात द्यायचा, वाळू द्यायचा, पुन्हा एक द्यायचा आणि रात्रभर ठेवून द्यायचं. दुसऱ्या दिवशी धागा पुन्हा मधल्या मोकळ्या जागेत लावायचा, पिसाचं देठ तिथे बांधायचं आणि पीस दोन, फार तर तीन वेढे फिरवायचं. बाहेर आलेले तंतू म्हणजे पाय. वरचे आणि खालचे जास्तीचे तंतू कात्रीनं उडवले की दोन्ही बाजूंना सहा-आठ उरतात, तेवढे बस. पीस जास्त घातलं की मुंगीचं कोळ्यात रूपांतर होतं.

नवशिक्याचा हात चुकतो तो कमरेवर. दोन फुगवट्यांमधली जागा डमरूसारखी आवळलेली राहिली पाहिजे. खालून आकाशाकडे बघणाऱ्या माशाला रंग, चकाकी, मिशा यांतलं फारसं काही दिसत नाही. दिसते ती काळी आकृती, आणि त्या आकृतीत मुंगीची ओळख कमरेत आहे. कमर भरली की मुंगी गेली, उरला नुसता काळा गोळा. पंखवाली हवी असेल तर कमरेवर पांढऱ्या पिसाची दोन टोकं तिरपी बांधावीत. तरंगणारी हवी असेल तर धाग्याच्या जागी दोन मिलिमीटर जाडीच्या काळ्या फोमची पट्टी, स्टेशनरीच्या दुकानात क्राफ्टसाठी मिळते ती, आणि आपल्याला दिसावी म्हणून पाठीवर केशरी ठिपका. माशाला तो दिसत नाही.

बुडणारी का, याचं कारण आता सांगता येईल. पाण्यात पडलेली मुंगी पाण्यावर उभी राहत नाही. ती पृष्ठभागाच्या पापुद्र्यात अडकते, पाय मारते, आणि लाट किंवा धार लागली की खाली जाते. खानदेशातल्या दुपारच्या वाऱ्यात शांत पृष्ठभाग टिकतो कुठे? आणि चिलापी वर येऊन टिपण्यापेक्षा वीतभर खाली येणारा घास घेणं पसंत करतो. वॉर्निश केलेली मुंगी हळूहळू बुडते, आणि बुडतानाच बहुतेक वेळा घेतली जाते. तरंगणारी मुंगी सकाळी, बंधाऱ्याच्या सावलीत, चांदीच्या माशाला दाखवावी. तिथे ती खरोखर चांगली चालते आणि पाहायला आनंद होतो.

फ्लाय म्हटलं की महागडी काठी, चरखी आणि जाड दोर डोळ्यांसमोर येतो. त्यांची गरज नाही. जपानी डोंगरी लोक तेन्कारा नावाच्या पद्धतीनं चरखीशिवाय, काठीच्या टोकाला बांधलेल्या दोरीनं फ्लाय टाकत आले आहेत. आपल्या काठावरची बांबूची काठी आणि टोकाला बांधलेला तंगूस म्हणजे तीच रचना. दहा-बारा फुटांची हलकी, टोकाला लवचीक काठी, तेवढाच लांब तंगूस, शेवटचे तीन-चार फूट बारीक. झाडाची फांदी जिथे पाण्यावर येते तिथे मुंगी पडू द्यायची. ओढायची घाई करायची नाही. मनात पाच मोजेपर्यंत बुडू द्यायची, काठीचं टोक जेमतेम हलवायचं, पुन्हा थांबायचं. तंगूस पाण्यात शिरतो तिथे नजर ठेवायची. तो एका बाजूला सरकला की काठी उचलायची. हिसका द्यायचा नाही, बारीक माशाचं तोंड फाटतं. आणि बांधण्याआधीच गळाचा उलटा काटा पकडीनं दाबून टाकायचा. मासा सुटतो जास्त, पण सोडायचा असलेला जगतो.

एक गोष्ट मला इथे स्पष्ट लिहायची आहे. खानदेशातलं पाणी मोकळं नाही. धरणं आणि तलाव मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांकडे ठेक्यानं असतात. त्यात भोई, कोळी, भिल्ल कुटुंबांचं पोट आहे. त्यांनी पैसे भरून बीज सोडलेलं असतं. हौशी माणसानं काठी घेऊन जाण्याआधी संस्थेच्या माणसाला विचारावं. मुंगीवर कटला-रोहू लागत नाहीत हे त्यांना समजलं की बहुतेक जण हसून जा म्हणतात. शेततळ्यावर मालकाला विचारावं. यावल अभयारण्यात आणि अनेर धरण अभयारण्यात गळ काढूच नये, तो गुन्हा आहे. आणि पहिल्या पुरात अंडी घेऊन ओढ्यात चढणाऱ्या माशांना कोणत्याही आमिषानं हात लावू नये. चढणीचे मासे पोत्यानं धरून आपण आपले ओढे रिकामे केले आहेत. त्यात हौशी गळकऱ्यानं भर घालण्याचं कारण नाही.

सगळं धरून निकाल असा. मुंगी हे कणीक-गांडुळाला हटवणारं आमिष नाही. पोटासाठी मासा हवा असेल तर गांडूळच बरं. पण ऑक्टोबरात, निवळलेल्या पाण्यावर, झाडाच्या सावलीत ती त्यांच्या बरोबरीनं उतरते, गांडुळासारखी लहान माशाच्या पोटात खोल जात नाही, आणि माणसाला काठावरच्या झाडाकडे, त्यावरच्या रांगेकडे आणि पाण्यातल्या वलयाकडे बघायला लावते. ज्यांना बांधून पाहायची असेल त्यांनी १२ नंबरची काळी, बुडणारी मुंगी बांधावी आणि बाकीच्या सगळ्या नंतर. लागलेला चिलापी घरी न्यावा, हळद-मीठ लावून तळावा. तो जिवंत दुसऱ्या पाण्यात मात्र कधी सोडू नये. आणि मळ्या, चाल, ओढ्यातले पट्ट्यांचे मासे ओल्या हातानं गळ काढून होते तिथेच परत सोडावेत.